तात्यांनी पारखलेली पवळी

पांढरीपूल मागे टाकून आम्ही चांगले दोन किलोमीटर चाललो असू, तेव्हा रामहरी तात्या स्कूटरला म्हणाले, "बास झालं आता. लोकं बघत्यात."

स्कूटर काही बोलली नाही. डावीकडून मी हँडल धरलेलं, उजवीकडून तात्यांनी, आणि मधे ती, लाल रंगाची, मान खाली घालून. बाजूने ट्रक जात होते. शिंगणापूरला निघालेल्या गाड्यांतली माणसं काच खाली करून आमच्याकडे बघत होती. तात्यांनी धोतराचा सोगा कमरेला खोचला होता. डोक्याचा फेटा मात्र जसाच्या तसा.

"तात्या, मेकॅनिकला फोन करू का?"

"आन् काय सांगनार?"

"गाडी बसली म्हणून सांगणार."

तात्या थांबले. म्हणजे स्कूटर थांबली, म्हणजे मीही थांबले.

"ताई, बसकं जनावर म्या उभ्या आयुष्यात पसंत केलं न्हाई. ती बसली न्हाई. इचार करतीया."

तिचा विचार संपेपर्यंत चालत राहण्यावाचून मला काही मार्ग दिसेना.

तात्या म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या निकिताचे वडील. मूळचे काष्टीचे. आता वर्षातले सहा महिने नगरला, सावेडीत लेकीकडे असतात. काष्टीच्या बाजारात तात्यांनी चाळीस वर्षं बैलांची दलाली केली. बैल विकणारा एकीकडे, घेणारा दुसरीकडे, आणि मधे तात्या. ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवायचे, दात बघायचे, अंगावरचे केसांचे भोवरे बघायचे, चार पावलं चालवून शेपटी कशी हलते ते बघायचे आणि मग सांगायचे, हा गरीब आहे, हा मारका आहे, हा बुजरा, हा ओढाळ. गरीब म्हणजे स्वभावाने शांत. तात्यांनी गरीब म्हटलं की बाई माणसाने डोळे मिटून दावं हातात घ्यावं. आणि शब्द असा, की महिन्याभरात खोड निघाली तर जनावर माझ्या दारात आणून बांधा.

चाळीस वर्षांत एकच बैल परत आला. तोही दावं तोडून, एकटा, अकरा किलोमीटर चालत. तात्या म्हणतात त्याला खोड नव्हती, तो भेटायला आला होता.

पुढे बैल कमी झाले. तात्या घरी बसले. मग एके दिवशी शेजारच्या वाल्मिकने जुना ट्रॅक्टर बघायला जाताना सोबत म्हणून त्यांना नेलं. नुसतं सोबत म्हणून. पण सवय कुठे जाते? तात्यांनी ट्रॅक्टरला एक फेरी घातली, मडगार्डवर थाप मारली, खांद्यावरचं उपरणं स्टेअरिंगवर टाकलं आणि त्याखाली हात घालून डोळे मिटले. बाजारात सौदा करताना उपरण्याखाली बोटं धरतात, तसंच. मग म्हणाले, "वाल्मिक, घिऊ नको. ह्यो आळशी हाय. आन् दुसऱ्याच्या बांधावर जायची सवय हाय त्याला."

वाल्मिकने ऐकलं नाही. पंधरा दिवसांत तो ट्रॅक्टर उतारावरून आपला आपण निघाला आणि शेजाऱ्याच्या घासाच्या शेतात जाऊन उभा राहिला. दोनदा.

तेव्हापासून तात्यांचं दुकान पुन्हा सुरू झालं. मोटरसायकल घ्यायची, टेम्पो घ्यायचा, रामहरी तात्यांना बोलवा. लोक मोबाईलवर फोटो पाठवायचे. तात्या म्हणायचे, "फोटूत समदेच गरीब दिसत्यात. समोर आना." गाडीला कुठे पोचे आहेत हे ते भोवऱ्यासारखं बघतात. मागच्या चाकाजवळ पोचा असेल तर मालकाला लाभतो. पुढे दिव्याखाली असेल तर घरात भांडणं. एका टेम्पोला त्यांनी "ह्यो जातानाच पळतो, येताना रडतो" म्हणून नापास केलं होतं, आणि टेम्पोच्या मालकानेच मान डोलावली होती.

त्यांच्या मंडळी, झुंबरबाई, या सगळ्याला अजिबात भीक घालत नाहीत. मी एकदा विचारलं, "मावशी, वस्तूंना खरंच स्वभाव असतो का हो?" तर म्हणाल्या, "आसतो की. आमचा मिक्सर चिडका हाय म्हनून ह्यांनी मला दोन वर्सं चटणी पाट्यावर वाटायला लावली. सोताला वाटाया लागली आसती तर मिक्सर कवाच गरीब झाला आसता!"

मी मात्र तात्यांवर विश्वास ठेवते. त्याला कारण आहे. मी घरी ब्लाउज शिवते. माझं शिलाई मशीन सव्वीस वर्षांचं. माझ्या हाताखाली ते एकसारखं चालतं, पण जाऊबाई बसल्या की धागा तोडतं. मशीनवाल्याने दोनदा खोललं, काही सापडलं नाही. तात्यांनी नुसतं दारातून बघितलं. म्हणाले, "एका हाताची हाय. दुसऱ्याला दूध द्यायची न्हाई." मला ते पटलं. मी रोज बसण्याआधी मशीनच्या पाया पडतेच, तेव्हापासून जरा जास्त मनापासून पडते.

तर या वर्षी ब्लाउज घरपोच द्यायला मी स्कूटर घ्यायची ठरवली. वय त्रेपन्न, चालवायला नुकतीच शिकलेली, म्हणून जुनीच घ्यावी. आमचे हे एसटीत कंडक्टर होते. त्यांचं म्हणणं, गाडीला वेळापत्रक असतं, स्वभाव नसतो. तरी मी तात्यांना घेऊन गेले. पहिली स्कूटर त्यांना चोरटी वाटली. दुसरी जुन्या मालकिणीच्या आठवणीत झुरत होती म्हणे. तिसरी ही लाल. तात्यांनी हँडलवर उपरणं टाकलं, मूठ धरली आणि पाच मिनिटं डोळे मिटून उभे राहिले. स्कूटरच्या मालकाने मला हळूच विचारलं, "बाबांना चक्कर आली का?"

डोळे उघडून तात्या म्हणाले, "गरीब हाय. लेकरानं धरावी आशी. आन् ह्यो काटा बगा."

पेट्रोलचा काटा भरलेल्या खुणेवर होता. मालकाने कॉलनीला दोन फेऱ्या मारून आणल्या. काटा तिथेच.

"हालला का? न्हाई. ताई, ही आल्पाहारी हाय. आसं जनावर हजारात एक घावतं."

मालक आभाळाकडे बघत म्हणाला, "हो, खाते कमीच."

तात्यांनी तिथल्या तिथे तिचं नाव पवळी ठेवलं. पहिल्या दिवशी मी तिला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला आणि नैवेद्य म्हणून थोडं पेट्रोल घातलं. पुढे तीन आठवडे मी सावेडीभर ब्लाउज पोचवले, देवळात गेले, दळण आणलं. काटा जागचा हलला नाही. भजनी मंडळात मी सगळ्यांना सांगितलं. दोघीतिघी तर येऊन पवळीच्या पाया पडून गेल्या.

ह्यांना काही ते खपेना. गाडी बैलवाल्याने निवडली हेच मुळात त्यांच्या डोक्यात बसलेलं. शेवटी म्हणाले, "शनिवारी तुला शिंगणापूरला तेल वाहायचंच आहे ना? जा हिच्यावर. नीट नेऊन आणलं तर ठेवू. रस्त्यात बसली तर सोमवारी मालकाला परत."

हे तात्यांच्या कानावर गेलं. संध्याकाळी ते वर आले आणि चहाला नको म्हणाले. मग बोलले, "परत गेली तर माझी नजर सपली म्हनायची. पुन्यांदा कुनाच्या गाडीला हात लावनार न्हाई म्या. शनिवारी म्या संगं येतो."

असे आम्ही निघालो. पाटीवर आता अहिल्यानगर झालंय, माझ्या तोंडात अजून नगरच येतं, तर नगर सोडलं, जेऊर गेलं, इमामपूरचा घाट पवळीने हसतखेळत उतरला. तात्या मागे बसून एकेका वळणाला "शाबास" म्हणत होते. पांढरीपुलाच्या अलीकडे एक पेट्रोल पंप लागला. ऊन फार होतं. तात्या म्हणाले, तिला जरा सावलीत उभी करू. पंपावरचा माणूस नळी घेऊन आला, "किती टाकू?"

"काय नको. तिचं प्वाट भरल्यालं हाय. आमाला फकस्त पानी प्यायचंय."

आम्ही गार पाणी प्यालो, तोंड धुतलं आणि निघालो. पूल ओलांडून थोडं गेलो नाही तोच पवळीने दोन उचक्या दिल्या, एक हिसका दिला आणि उभी राहिली.

"ठेचकाळली," तात्या म्हणाले.

तेव्हापासून आम्ही चालत होतो. मला शनिवारचा उपास, पोटात फक्त एक केळं. वाटेत तात्यांनी एकेक कारण शोधलं. आधी म्हणाले, ट्रकच्या हॉर्नला बुजली. म्हणून उपरण्याने तिचा पुढचा दिवा झाकला आणि तशीच अर्धा किलोमीटर चालवली. मग म्हणाले, नजर लागली, तुमच्या भजनी मंडळाची. मी पिशवीतलं लिंबू उतरवून रस्त्याच्या कडेला टाकलं. मग त्यांचं लक्ष सीटकडे गेलं. उरलेल्या मरून कापडाचं कव्हर मी हौसेने शिवलं होतं, कडेला लेस लावून.

"हे टोचत आसंल तिला."

"तात्या, आतून अस्तर आहे!"

"आपल्याला मऊ लागतं म्हनून तिला लागंलच आसं हाय का?"

कव्हर काढलं. ते मी खांद्यावर घेतलं. पवळी सुरू झाली नाही. तात्यांनी बंडीच्या खिशातून गुळाचा खडा काढून हँडलवर ठेवला. तरी नाही. शेवटी तो मीच खाल्ला. गूळ उपासाला चालतो.

कांद्याच्या गोण्या भरलेला एक टेम्पो थांबला. ड्रायव्हर भला माणूस होता. "टाका मागं, घोडेगावला सोडतो."

तात्यांनी हात जोडले. "नगं. धडधाकट जनावर एकडाव गाडीत बसून गेलं की पुन्यांदा पायावर चालत न्हाई."

ड्रायव्हरने मागे बघितलं, पुढे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "जनावर कुठंय?"

मी पवळीकडे बोट केलं. त्याने गिअर टाकला.

तेवढ्यात ह्यांचा फोन. "कुठपर्यंत गेलात?"

उपासाच्या दिवशी मी खोटं बोलत नाही. "पांढरीपूल गेलं. निघालोय पुढे."

"गाडी काय म्हणतेय?"

"काही म्हणत नाहीये," मी म्हणाले, आणि ते खरंच होतं.

पाच किलोमीटर झाले असतील. माझी टाच चपलेने सोलली होती. तात्यांना धाप लागली होती, आणि चेहरा असा झाला होता, की मला त्यांच्याकडे बघवेना. आधी ते पवळीशी बोलत होते, मग नुसते पुटपुटत होते, मग तेही थांबलं. एकाएकी त्यांनी हँडल सोडलं. सगळं वजन माझ्या हातावर आलं. तात्या वळून तिच्या पुढ्यात उभे राहिले आणि ओरडले, "भाकड! खोडील! चाळीस वर्साचा शबुद मातीत घातलास! भंगारात घालीन तुला, भंगारात!"

पलीकडच्या शेतात कांदा भरणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, मलाच बोलताहेत. एकीने तर विळा हातात घेतला. मी दुरूनच हाताने सांगितलं, मला नाही, हिला.

तात्यांनी परत हँडल धरलं. मी मनातल्या मनात शनिदेवाला म्हणाले, देवा, माझ्या साडेसातीचं पुढे कधी बघ, आज या म्हाताऱ्याचा शब्द तेवढा राख.

घोडेगावच्या अलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये एक पंक्चरचं दुकान लागलं. चाळिशीतली एक बाई ओढणी कमरेला बांधून ट्यूब घासत बसली होती. दुकानावर चांदभाईंचं नाव होतं. ती म्हणाली, "ते जेवायला गेल्यात. मी फरीदा, त्यांची बायको. काय झालंय? पंक्चर?"

"न्हाई," तात्या म्हणाले आणि खाली फरशीवर बसले. मग त्यांनी पवळीचं सगळं सांगितलं. वय किती, अंगावर भोवरे कुठे, स्वभाव कसा गरीब, घाटात कशी चालली, कुठे ठेचकाळली, दिवा झाकून बघितला, गूळ देऊन बघितला. फरीदाभाभींनी मधे एकदाही तोडलं नाही. डॉक्टर ऐकतात तसं ऐकलं. मग उठल्या, सीट उचललं, टाकीचं झाकण काढलं. दोन्ही हातांनी स्कूटर धरून गदागदा हलवली आणि कान लावला.

"बाबा, हिला शेवटचं कधी पाजलं होतं?"

"ती आल्पाहारी हाय," तात्या म्हणाले. आवाजात आता तेवढा जोर नव्हता.

"अल्पाहारी न्हाई बाबा, उपाशी हाय. टाकीत थेंब न्हाई."

"आन् ह्यो काटा?"

फरीदाभाभींनी चावी फिरवली आणि काट्याच्या काचेवर पान्याने टिचकी मारली. काटा एकदम खाली पडला, घेरी आल्यासारखा.

"अडकला हुता," त्या म्हणाल्या.

मला आधी हसूच आलं. मग तीन आठवड्यांत मी कोणाकोणाला काय काय सांगितलं ते आठवलं आणि थांबलं. आता तात्यांना काय वाटेल? चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांची पारख चुकली. म्हटलं, म्हातारा खचणार.

पण तात्या काट्याकडे बघतच नव्हते. टाकीकडे बघत होते.

"उपाशी? नगरपास्नं उपाशी पळाली?"

"पांढरीपुलापर्यंत पळाली म्हंजे लई झालं," फरीदाभाभी म्हणाल्या.

"आन् म्या तिला पंपावर हुबी केली. समोर खायाला हाय, आन् तिला सावलीत बांधून ठिवली. तिच्या म्होरं आपन पानी प्यालो, ताई."

"तात्या, आपल्याला काय माहीत?"

"चाळीस वर्सात एक जनावर उपाशी ठिवलं न्हाई म्या. सोता न्हाई जेवलो, पर त्यास्नी वैरन टाकली." ते उठून पवळीजवळ गेले. "आन् तिला भाकड म्हनलो."

फरीदाभाभींनी पार्ट धुवायला ठेवलेल्या बाटलीतलं पेट्रोल टाकीत ओतलं. एक किक मारली. पवळी अशी सुरू झाली, जशी काही झालंच नव्हतं.

"तात्या!" मी म्हणाले. "शब्द राहिला तुमचा! गाडीत काही खोड नाही. मी घरी स्पष्ट सांगणार, बसली ती आपल्या चुकीने. सोमवारी कुठे जात नाही ती."

फरीदाभाभी म्हणाल्या, "तर काय! काट्याची चूक, गाडी काय करंल? काटा मी नवा बसवून देते, येताना थांबा."

तात्यांनी मान हलवली, पण चेहरा काही उजळला नाही. घोडेगावच्या पंपावर त्यांनी स्वतः उभं राहून टाकी भरून घेतली. "अजून. तोंडापोतर. लाजू नगं," हे ते पंपावरच्या माणसाला म्हणत होते की पवळीला, ते मला कळलं नाही. पेट्रोल वरून सांडलं तेव्हाच थांबले. शिंगणापूरपर्यंत मागे एका कडेला अंग चोरून बसले होते. तिला भार नको म्हणून.

शनिशिंगणापूरला वाहनतळावर गर्दी होती. दोन मोटरसायकलींच्या मधे पवळी लावली. मी हँडल वळवून कुलूप घालणार, तर तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. हितं घरास्नी दारं न्हाईत, आन् तुमी तिचं मुंडकं पिरगाळून ठिवताय."

मी कुलूप घातलं नाही. तेलाची बाटली, फुलं, रुईची माळ काढली. "चला तात्या, दर्शनाला. तुमचा शब्द राखला त्याने."

तात्या जागचे हलले नाहीत.

"तुमी जावा. पर ताई, जायच्या आदी माझं येक काम करा."

"बोला की."

"तिला सांगा, रामहरी चुकला म्हनावं. भाकड म्हनलो, भंगारात घालीन म्हनलो, ते काय मनातलं न्हवतं."

"अहो, तुम्हीच सांगा ना. शेजारीच तर उभे आहात."

"म्या शिव्या दिल्या आन् मीच लगीच ग्वाड बोललो, तर जनावराचा इस्वास बसत न्हाई. मालकिनीनं सांगावं लागतं."

इकडेतिकडे बघत मी विचारलं, "कुठे सांगू?"

"कानात. महादेवाच्या देवळात नंदीच्या कानात सांगता का न्हाई? तसं." तात्यांनी डोक्यावरचा फेटा उतरवला आणि तिच्या उजव्या आरशावर ठेवला. पंधरा वर्षांच्या ओळखीत मी त्यांना उघड्या डोक्याने पहिल्यांदा पाहत होते. "ह्यो कान म्या झाकतो. तुमी डाव्यात सांगा. आन् हळू सांगा ताई, ती पलीकडची मोटरसायकल आयकतीया."